बोटांचं क्रिकेट: पहिल्या चेंडूआधी काय काय ठरवाल?

सुट्ट्या लागल्या की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: मूठ म्हणजे शून्य की दहा? आजोबा विचारतात, कारण नातवंडांचं भांडण त्यांच्यापुढे न्यायाला आलेलं असतं. आई विचारते, कारण ती लहान असताना मूठ या खेळात नव्हतीच. आणि मुलं विचारतात तेव्हा ती विचारत नसतात, ओरडत असतात.

बोटांच्या क्रिकेटला कुणी हँड क्रिकेट म्हणतं, कुणी हाताचं क्रिकेट. बॅट नको, चेंडू नको, मैदान नको, दोन माणसांचा एकेक हात पुरतो. खऱ्या क्रिकेटचे कायदे लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब १७८८पासून सांभाळत आला आहे. या खेळाचे कायदे मात्र शाळेच्या एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, एका मावसभावाकडून दुसऱ्याकडे असेच गेले. त्यामुळे ते गल्लीगणिक वेगळे आहेत आणि सगळेच खरे आहेत. दोन गल्ल्यांतली मुलं एका डब्यात समोरासमोर बसली की मात्र अडचण होते.

माझ्यासमोर हे घडलं ते कोकण रेल्वेत. गाडी क्रॉसिंगसाठी एका लहानशा स्टेशनात थांबली होती. नाशिकचा भाचा फलंदाजी करत होता, सावंतवाडीची भाची गोलंदाजी. एकेचाळीस धावांवर त्याने मूठ टाकली आणि "एक्कावन्न!" म्हणून ओरडला. तिच्याकडे मूठ म्हणजे शून्य. दोघंही आपापल्या घरी जे खेळत आले तेच सांगत होते, खोटं कुणीच बोलत नव्हतं. तरी कुडाळ येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, स्वतःचा आला. डाव सुरू होताना मी शेजारीच बसले होते आणि एक साधा प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

हाताच्या खुणा

आधी खुणा पक्क्या करा. बहुतेक घरांत चालते ती पद्धत अशी:

- १ ते ४: तितकी बोटं, अंगठा आत मुडपलेला
- ५: पूर्ण उघडा पंजा
- ६: फक्त अंगठा बाहेर, बाकी बोटं मिटलेली
- मूठ: ही आधी ठरवायची (याबद्दल पुढे)

घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. चार दाखवताना अंगठा अर्धवट बाहेर राहतो आणि तो पाच दिसतो. सहा दाखवताना अंगठा मुठीला चिकटून राहतो आणि ती नुसती मूठ दिसते. म्हणून सहाचा अंगठा हातापासून ताणून वर किंवा बाजूला हवा, आणि चारचा अंगठा तळव्यावर दाबलेला. लहान मुलांना ही दोन रूपं डावाआधी चार-पाच वेळा करायला लावा. चार-पाच वर्षांच्या मुलाला नुसता अंगठा चटकन काढता येत नाही. त्याच्याशी खेळताना सहा काढून टाका आणि एक ते पाचवरच खेळा.

एक दाखवताना तर्जनीच हवी का, करंगळी चालेल का, असंही विचारलं जातं. चालेल. अंगठा सोडून कोणतंही एक बोट म्हणजे एक.

डाव कसा चालतो

1. समोरासमोर बसा. हात पाठीमागे ठेवा, किंवा मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ठेवा.
2. नाणेफेक बोटांनीच होते. एकाने सम किंवा विषम म्हणायचं, मग दोघांनी एकदम बोटं दाखवायची. बेरीज सम आली तर समवाला जिंकला. बॅटिंग की बॉलिंग हे त्याने सांगायचं.
3. दोघांनी मिळून मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि "तीन"ला हात पुढे आणायचा.
4. आकडे वेगळे असतील तर फलंदाजाने दाखवलेला आकडा त्याच्या धावांत मिळवायचा. गोलंदाजाचा आकडा मोजायचा नाही.
5. आकडे सारखे आले की फलंदाज बाद.
6. मग अदलाबदल. दुसऱ्याने पहिल्यापेक्षा एक धाव जास्त केली की तो जिंकला.

समजा, फलंदाजाने ४ दाखवले, गोलंदाजाने २: झाले चार. पुढे ६ आणि १: झाले दहा. पुढे ३ आणि ५: झाले तेरा. पुढे ६ आणि ६: बाद. आता समोरच्याला जिंकायला चौदा हवेत. ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही अशा आजी-आजोबांना नियम सांगत बसण्यापेक्षा असा एक डाव हळूहळू खेळून दाखवा, लगेच जमतं.

नाणेफेकीत मूठ वापरू नका. एक ते सहा आकड्यांच्या छत्तीस जोड्या होतात, त्यांत अठरा समच्या आणि अठरा विषमच्या. मूठ शून्य म्हणून आत आली की समच्या जोड्या विषमपेक्षा एकाने वाढतात. फरक थोडाच आहे, पण हिशोबी मूल तो शोधून काढतं आणि मग दर वेळी "सम" आधी म्हणण्यासाठीच धक्काबुक्की होते.

मुठीचं काय करायचं?

तीन पद्धती आहेत. कोणतीही घ्या, पण पहिल्या चेंडूआधी मोठ्याने सांगा आणि समोरच्याकडून "हो" म्हणवून घ्या.

- मूठ नाहीच. चुकून मूठ आली तर तो चेंडू परत. नवख्यांसाठी आणि वेगवेगळ्या गावांची मुलं जमली असतील तेव्हा हेच बरं.
- मूठ म्हणजे शून्य, अर्थात डिफेन्स. फलंदाजाने मूठ दाखवली तर गोलंदाजाने दाखवलेल्या धावा फलंदाजाला मिळतात. गोलंदाजाने मूठ दाखवली तर नेहमीसारखा फलंदाजाचा आकडा मोजायचा. दोघांची मूठ आली तर बाद की नाही, हे वेगळं ठरवावं लागतं. माझं मत: बाद. सारखा आकडा म्हणजे बाद, या मूळ नियमाला अपवाद कशाला?
- मूठ म्हणजे दहा. एका चेंडूत दहा धावा. धावसंख्या भराभर फुगते, लहान मुलांना फार मजा येते, पण सामना बराचसा मुठीभोवतीच फिरतो.

मला दुसरी पद्धत सगळ्यात आवडते. तिच्यात गोलंदाजाला विचार करावा लागतो: फलंदाज षटकाराच्या मागे आहे असं वाटून त्याने सहा टाकले आणि फलंदाजाने मूठ ठेवली, तर ते सहा फुकट गेले. पण मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत ही पद्धत बाजूला ठेवा. धावा नक्की कुणाच्या हे त्याला कळत नाही आणि त्याला आपण फसवले गेलो असं वाटतं.

उशिरा आलेला हात

या खेळातली खरी भांडणं मुठीवरून कमी आणि वेळेवरून जास्त होतात. दोघांचे हात एकाच क्षणी आले तर हा खेळ आहे, एकाचा हात पापणी लवण्याइतका मागे राहिला तर तो खेळच उरत नाही. टोकियो विद्यापीठाच्या इशिकावा प्रयोगशाळेने २०१२मध्ये दगड-कागद-कात्री खेळणारा एक यांत्रिक हात दाखवला. तो माणसाशी प्रत्येक वेळी जिंकतो. त्याला मनातलं काही ओळखता येत नाही. अतिवेगवान कॅमेऱ्याने तो समोरचा हात कसा उघडतोय हे पाहतो आणि आपल्याला कळायच्या आत त्याला हरवणारी खूण करतो. उशिरा हात टाकणारं मूल तेच करत असतं, फक्त त्याचा वेग कमी असल्याने ते पकडलं जातं.

बोटं दाखवण्याचे खेळ जुने आहेत. प्राचीन रोममध्ये दोघांनी एकदम बोटं दाखवायची आणि बेरीज ओळखायची असा खेळ होता, इटलीत तो अजून मोरा या नावाने खेळतात. एखाद्या माणसाच्या सचोटीबद्दल बोलताना रोमन लोक म्हणत की याच्याबरोबर अंधारातसुद्धा हा खेळ खेळता येईल. सिसेरोने ही म्हण नोंदवून ठेवली आहे. आपली मुलं उजेडात खेळतात, त्यामुळे त्यांना जरा सोपे नियम पुरतील.

पहिलं म्हणजे हात "तीन" म्हणताना आणायचा की "तीन" म्हणून झाल्यावर, हे ठरवा. निम्मे वाद इथेच मिटतात. बऱ्याचदा एक जण "तीन"वर हात आणतो, दुसरा "तीन"नंतर, आणि दोघांनाही आपण वेळेवर आहोत याची खात्री असते. "तीन"वरच आणा, म्हणजे आवाज आणि हात एकत्र येतात.

दुसरं, उशीर झालाच तर काय? नुसतं "चेंडू परत" म्हणणं पुरत नाही. बाद झालेला फलंदाज लगेच म्हणतो, "माझा हात उशिरा आला, परत." म्हणजे स्वतःच्या चुकीचा फायदा स्वतःच घेतो. त्यासाठी मी घरात हा नियम लावला आहे: ज्याचा हात उशिरा आला त्याला त्या चेंडूचा फायदा नाही.

- फलंदाजाचा हात उशिरा, आकडे सारखे: बादच.
- फलंदाजाचा हात उशिरा, आकडे वेगळे: धावा नाहीत, चेंडू परत.
- गोलंदाजाचा हात उशिरा, आकडे सारखे: फलंदाज नाबाद, चेंडू परत.
- गोलंदाजाचा हात उशिरा, आकडे वेगळे: धावा मिळणार.
- कोण उशिरा हे कुणालाच सांगता येत नाही: चेंडू परत, चर्चा बंद.

आणि हात आल्यावर बोट बदलणं? पहिली दिसलेली खूण धरायची. "मला तीन टाकायचे होते" हे ऐकून घ्यायचं नाही, अगदी डोळ्यांत पाणी आलं तरी. इथे एकदा दया दाखवली की तो रडीचा डाव होतो आणि दुसऱ्या मुलावर अन्याय होतो, जे गप्प बसलेलं असतं.

भिडूंचे हक्क

मोठी माणसं पंच म्हणून बसतात तेव्हा हे हक्क त्यांनी सांभाळावेत.

- धावा ऐकण्याचा हक्क. प्रत्येक चेंडूनंतर फलंदाजाने एकूण धावा मोठ्याने म्हणायच्या. गोलंदाजाला हरकत असेल तर पुढच्या चेंडूआधी घ्यायची. पुढचा चेंडू पडला की मागची बेरीज पक्की.
- थांबण्याचा हक्क. "टाइम प्लीज" म्हटलं की खेळ थांबतो. पण ते "एक"च्या आधी म्हणायचं, "दोन"नंतर नाही.
- कच्च्या लिंबाचा हक्क. सगळ्यात लहान भिडूला दोन जीव द्या: एकदा बाद झाला तरी त्याच धावसंख्येवरून पुढे. हे त्याला आणि बाकीच्यांना आधीच सांगा. मध्येच दया म्हणून जीव दिला की मोठ्या मुलांना तो पक्षपात वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही.
- पाहण्याचा हक्क. निकाल ठरेपर्यंत दोन्ही हात तसेच राहायला हवेत. हात लगेच मागे ओढून घेणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरू नका.
- नको म्हणण्याचा हक्क. पैसे, चॉकलेट, खिडकीची जागा असं काही पणाला लावायला कुणी नकार दिला तर तो मान्य करायचा. पैसे तर लावूच नका.

बरोबरी झाली तर

१४ जुलै २०१९ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या धावा सारख्या झाल्या, मग सुपर ओव्हरमध्येही सारख्याच झाल्या. शेवटी जास्त चौकार-षटकार कुणाचे, यावर इंग्लंड विजेता ठरलं. नियम आधीपासून लिहिलेला होता, तरीही तो अनेकांना बोचला आणि त्याच वर्षी आयसीसीने तो बदलला: निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर. तुम्हीही तेच करा. बरोबरी झाली की प्रत्येकी सहा चेंडू, पुन्हा बरोबरी झाली तर पुन्हा सहा. सामन्यात नंतर फलंदाजी करणाऱ्याने सुपर ओव्हरमध्ये आधी फलंदाजी करावी.

आकडा निवडताना

इथे थोडं गणित, कारण त्यावाचून गोलंदाजी करता येत नाही. मुलांना वाटतं की गोलंदाजाने सगळे आकडे सारखेच टाकावेत. तसं केलं आणि फलंदाज दर वेळी सहाच दाखवत राहिला, तर तो बाद होईपर्यंत सरासरी तीस धावा करतो. एक दाखवणाराही तितक्याच वेळा बाद होतो, पण त्याला सरासरी पाचच मिळतात. म्हणून गोलंदाजाने मोठ्या आकड्यांवर जास्त पहारा ठेवायचा. (मूठ नसलेल्या खेळात) वीस चेंडूंची वाटणी लक्षात ठेवायला सोपी आहे: एकदा १, दोनदा २, तीनदा ३, चारदा ४, पाचदा ५ आणि पाचदा ६. अशा गोलंदाजापुढे फलंदाजाने कोणताही आकडा धरून ठेवला तरी त्याची सरासरी पंधरा ते एकोणीसच्या मध्ये अडकते. वाटणी ओळीने मात्र नको, क्रम उलटसुलट हवा.

फलंदाजाने उलट करायचं. सहाचा मोह आवरून सगळे आकडे साधारण सारखे फिरवायचे, लहान आकडे किंचित जास्त. एक-दोन धावा क्षुल्लक वाटतात, पण तिथे गोलंदाज बहुधा नसतो.

बाकी सगळं समोरच्याला ओळखण्यात आहे. काही सवयी मला पुन्हा पुन्हा दिसतात. सहा दाखवून वाचलेला फलंदाज पुढच्या चेंडूला घाबरून लहान आकड्यावर येतो. तोच आकडा लगेच परत दाखवायला बहुतेक जण कचरतात. पुष्कळ मुलांची बोटं "दोन"लाच आकार घेऊ लागतात, त्यामुळे हात पाठीमागे ठेवणंच बरं. आणि जिंकायला सहाच हवे असले की मूल हमखास सहा टाकतं, गोलंदाजही तिथेच बसलेला असतो. मुलांना सांगा, तीन आणि तीनसुद्धा सहाच होतात.

चार-सहा मुलं असतील तर

दोन संघ करा. प्रत्येक जण एकदा फलंदाजी करेल, बाद झाला की पुढचा. गोलंदाज दर सहा चेंडूंनी बदला, नाहीतर एकच मोठा मुलगा सगळी गोलंदाजी घेऊन बसतो. मुलं विषम असतील तर उरलेल्याला धावफलक द्या, आणि पुढच्या डावात त्याला पहिली फलंदाजी. गाडी कधीही सुटणार असेल तर दोन षटकांचा सामना ठेवा. चेंडू मोजलेले असले की फलंदाजाला मोठे आकडे घ्यावेच लागतात, मग गोलंदाजानेही सहावर आणखी पहारा वाढवायचा.

ज्याला हात किंवा डोळा वापरता येत नाही

हाताला प्लॅस्टर असेल, बोटं कमी असतील, बोटं नीट वळत नसतील, तर एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या दोघांनाही द्या. फक्त एकालाच नको, दोघांनाही. "तीन"वर चिठ्ठी पालथी टाकायची आणि मग सुलटी करायची. दिसत नसलेल्या भिडूबरोबर खेळताना दोघांनी आकडा दाखवून हात तसाच धरून ठेवायचा आणि त्याला समोरची बोटं चाचपू द्यायची. त्याने स्वतः मोजल्याशिवाय पंचाने आकडा बोलू नये.

व्हिडिओ कॉलवर

न्यू जर्सीतला नातू आणि साताऱ्याचे आजोबा हा सामना आता घरोघरी होतो, आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारणा होते: "तो नेहमी उशिरा का दाखवतो?" तो दाखवत नाही. चित्र आणि आवाज पोहोचायला वेळ लागतो, आणि तो दोन्हीकडे लागतो. नातवालाही आजोबा उशिराच दिसत असतात. म्हणून कॉलवर "एक, दोन, तीन" सोडून द्या, आणि उशिराचा नियमही लावू नका.

त्याऐवजी दोघांनी आकडा कागदावर लिहायचा, कागद दुमडायचा, "लिहिला" म्हणायचं. दोघांचं "लिहिला" ऐकू आलं की मग कागद उघडून कॅमेऱ्यापुढे धरायचे. पाटी असेल तर पाटी पालथी ठेवा, पुसून पुन्हा वापरता येते. खेळ जरा संथ होतो, पण मध्ये गप्पांना जागा मिळते. सामना अर्धा राहिला आणि तिकडे नातवाची झोपायची वेळ झाली, तर धावा आणि पुढे फलंदाज कोण हे दोन्ही घरांत लिहून ठेवा आणि रविवारी तिथूनच सुरू करा. लिहिताना वरच्या ओळीत एवढं नक्की लिहा: या सामन्यात मूठ म्हणजे काय.